प्रवास करून आलेली अंडी

कोंबडीने नुकतेच घातलेले फलित अंडे हातात घेतले की ते कोमट लागते. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि तिच्या पोटात तयार होताना अंडे साधारण एक दिवस त्या उबेत राहिलेले असते. तेवढ्या अवधीत आतल्या गर्भाच्या पेशी विभागत विभागत हजारोंच्या घरात पोचतात. अंडे बाहेर पडून गार झाले की ही वाढ थांबते. गर्भ मरत नाही, पुन्हा ऊब मिळेपर्यंत तो थांबून राहतो. ही सोय कोंबडीसाठी आहे. ती रोज किंवा एका दिवसाआड एकच अंडे घालते आणि दहा-बारा अंडी साठल्यावर खुडूक होऊन बसते. सगळी पिल्ले एकाच वेळी बाहेर यायची, तर पहिल्या अंड्याला शेवटच्या अंड्याची वाट पाहावीच लागते. वाट पाहण्याच्या याच काळात माणूस अंडी एका गावाहून दुसऱ्या गावी नेऊ शकतो.

आपल्याकडे ही ने-आण जुनी आहे. माहेरच्या चांगल्या कोंबडीची अंडी टोपलीत भाताच्या तुसात बसवून सासरी आणायची आणि शेजारच्या खुडूक कोंबडीखाली ठेवायची, हे खेड्यापाड्यांत सर्रास चालत आले. आता तेच काम एसटीचे पार्सल, कुरिअर आणि रेल्वेने होते. झाबुआकडचा कडकनाथ, लढाऊ बांध्याचा असील, एखाद्या खोऱ्यातली रंगीबेरंगी गावरान जात, असे काही हवे असले की लोक अंडी मागवतात. पशुसंवर्धन खात्याची पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि कोल्हापूर इथली मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे सुधारित जातींची अंडी आणि पिल्ले पुरवतात. २०१९च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्यांची संख्या सुमारे ३१.७ कोटी भरली. आधीच्या गणनेपेक्षा ती जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली होती. परसातली कोंबडी मागे पडत नाही, पुढे येते आहे.

मात्र मागवलेल्या अंड्यांचा निकाल अनेकांना निराश करतो. घरच्या ताज्या अंड्यांतून दहाला सात-आठ पिल्ले निघतात. लांबून आलेल्या अंड्यांतून निम्मी निघाली तरी जाणकार समाधान मानतात. दोष बहुतेक वेळा यंत्राला दिला जातो. खरे तर यंत्राचे बटण दाबण्याआधीच बरेच काही ठरून गेलेले असते.

वाटेत काय बिघडते

पहिली गोष्ट तापमान. सुमारे २० अंशांच्या खाली गर्भाची वाढ पूर्ण थांबते. त्याच्या वर ती हळूहळू आणि वेडीवाकडी सुरू होते. साडेसदतीस अंशांच्या आसपासच ती नीट, क्रमाने चालते. मधला पट्टा घातक असतो, कारण तिथे गर्भ वाढू लागतो पण त्याला पुरेशी ऊब मिळत नाही, आणि अशी वाढ सुरू होऊन पुन्हा थांबली की तो अशक्त होतो किंवा मरतो. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात पार्सलच्या डब्यात नेमका हाच पट्टा असतो. म्हणून अंडी मागवायचा चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात मागवायचीच असतील तर रात्रीच्या गाडीने, आणि पोचल्या पोचल्या स्वतः जाऊन ताब्यात घ्यावीत.

दुसरी गोष्ट हादरे. उकडलेल्या अंड्याच्या बोथट टोकाला जो खळगा दिसतो ती हवेची पोकळी. अंडे गार होताना आतला ऐवज आकसतो, कवचाच्या आतली दोन पापुद्र्यांची जोडी त्या टोकाला एकमेकांपासून सुटते आणि मध्ये हवा शिरते. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू आयुष्यातला पहिला श्वास याच पोकळीतून घेते. खराब रस्त्यावर खडखडत आलेल्या अंड्यात ही पोकळी जागा सोडते. कधी ती एका बाजूने खाली ओघळते, कधी बुडबुड्यासारखी अंडे फिरेल तशी फिरते. बलकाचेही तेच. पांढऱ्या पिळदार दोऱ्यांनी तो दोन्ही टोकांकडे बांधलेला असतो, जणू दोन दोरांवर टांगलेला पाळणाच. जोराच्या धक्क्यांनी हे दोर सैल पडतात, बलक वर तरंगतो आणि कवचाच्या आतल्या बाजूला चिकटण्याचा धोका वाढतो.

तिसरी गोष्ट वय. पहिल्या सात दिवसांत उबवायला ठेवलेली अंडी उत्तम. त्यानंतर दर दिवसाला उबवणक्षमता घसरत जाते आणि दोन आठवड्यांनंतर फारशी आशा उरत नाही. त्यामुळे विकणाऱ्याला पहिला प्रश्न भावाचा न विचारता, सर्वांत जुने अंडे किती दिवसांचे आहे हा विचारावा. दुसरा प्रश्न कोंबड्याविषयी असावा. कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचे शुक्राणू दोन आठवडे, कधी त्याहून अधिक काळ टिकून राहतात. कळपातला कोंबडा बदलल्यावर निदान तीन आठवडे जाऊ दिल्याशिवाय येणारी पिल्ले नव्या कोंबड्याची आहेत याची खात्री देता येत नाही. शुद्ध जातीसाठी पैसे मोजताना हे माहीत असलेले बरे. कडकनाथाची पिसे, कातडी, मांस सगळे काळपट असले तरी अंडे मात्र फिकट बदामी-गुलाबी छटेचे असते. काळे अंडे दाखवून कोणी कडकनाथ विकू लागला तर तिथून निघावे.

बांधणी आणि विसावा

अंडी धाडणाऱ्याने निमुळते टोक खाली आणि बोथट टोक वर ठेवून प्रत्येक अंडे वेगळे गुंडाळावे. कागद, बबल रॅप, तूस, काहीही चालते. अंड्याला अंडे लागता कामा नये आणि खोक्यात मोकळी जागा राहता कामा नये. हवा खेळावी म्हणून खोक्याला भोके ठेवावीत. अंडी धुऊ नयेत. कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि घातल्या वेळच्या ओल्या थराचे वाळून झालेले पातळ आवरण ती झाकून ठेवते. धुतल्याने ते आवरण जाते आणि जंतूंना वाट मिळते. घाण लागलेले अंडे उबवायला न घेतलेलेच बरे. थोडी माती असेल तर कोरड्या फडक्याने पुसावी.

अंडी हाती आली की ती लगेच यंत्रात किंवा कोंबडीखाली घालायचा मोह होतो. तो आवरावा. बोथट टोक वर ठेवून ट्रेमध्ये बारा ते चोवीस तास ती नुसती उभी ठेवावीत. बलक मध्यावर येतो, पोकळी शक्य तितकी आपल्या जागी बसते आणि सगळ्या अंड्यांचे तापमान सारखे होते. जागा माठाशेजारच्या कोपऱ्यासारखी गार आणि अंधारी असावी. रोजच्या फ्रिजमधली थंडी गर्भाला सोसत नाही. शिवाय फ्रिजमधून काढलेल्या अंड्याला दमट हवेत घाम फुटतो आणि त्या ओलाव्यातून जंतू आत शिरतात.

विसावा झाल्यावर अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर एकेक अंडे धरून पाहावे. बारीक तडा, सुटलेली पोकळी, आत मोकळा फिरणारा बुडबुडा हे सगळे कळते. पेन्सिलीने पोकळीची कड आखून ठेवावी. पुढचे तीन आठवडे ही रेघ उपयोगी पडते.

कोंबडी की यंत्र

खुडूक कोंबडी मिळाली तर तिच्याइतके चांगले यंत्र नाही. तिच्या पोटाखालची पिसे गळून उघडी पडलेली कातडी अंड्यांना थेट ऊब देते. दिवसरात्र ती चोचीने अंडी फिरवते, कडेची मध्ये आणि मधली कडेला आणते. मात्र सगळ्या जाती बसत नाहीत. असील आणि गावरान कोंबड्या मन लावून बसतात, कडकनाथ क्वचित बसतो. हैदराबादला विकसित झालेली वनराजा किंवा बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा यांसारख्या सुधारित जातींत खुडूकपणा जवळजवळ उरलेला नाही. म्हणून कडकनाथाची अंडी गावरान कोंबडीखाली घालण्याची पद्धत आहे. डालग्यात मऊ गवत घालून, आधी एक-दोन साधी अंडी देऊन कोंबडी पक्की बसली आहे का ते पाहावे आणि रात्री अंधारात ती बदलून आपली अंडी सरकवावीत. मध्यम बांध्याच्या कोंबडीखाली दहा-बारा पुरेत. दिवसातून एकदा ती दाणापाण्याला उठते. तिला उठू द्यावे. तेवढ्या वेळात अंडी थोडी गार झाली तरी बिघडत नाही.

यंत्र असेल तर पंख्याच्या यंत्रात तापमान ३७.५ अंश ठेवतात. थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून केलेल्या, पंखा नसलेल्या घरगुती यंत्रात वरची हवा गरम आणि खालची गार असते. म्हणून तिथे थर्मामीटर अंड्यांच्या माथ्याच्या पातळीला धरून ३८.५ अंशांच्या आसपास तापमान राखावे. गर्भ थंडीपेक्षा उष्णतेने लवकर मरतो. दोन-तीन तास वीज गेली तर घाबरू नये. खोके गोधडीने झाकावे आणि झाकण उघडू नये. तापमान ४० अंशांच्या वर जाऊन तिथेच राहिले तर मात्र नुकसान भरून निघत नाही.

अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवायची असतात, म्हणजे गर्भ पापुद्र्याला चिकटत नाही. प्रवासातून आलेल्या अंड्यांबाबत अनुभवी माणसे थोडा बदल करतात. पोकळी सुटलेली अंडी ते पहिले दोन-तीन दिवस उभीच ठेवतात आणि मग आडवी न करता ट्रेसकट एकदा या कुशीला, एकदा त्या कुशीला कलती करतात. कोंबडीखाली अंडी आडवी पडतात. म्हणून फार हादरलेली अंडी यंत्रात आणि धडधाकट अंडी कोंबडीखाली, अशी वाटणी शहाणपणाची.

ओलाव्याचे गणित

उबवणीच्या काळात अंड्यातले पाणी छिद्रांवाटे उडत राहते आणि पोकळी मोठी होत जाते. एकूण वजन १२-१३ टक्क्यांनी घटायला हवे. ५० ग्रॅमचे अंडे शेवटाला ४४ ग्रॅमच्या आसपास यावे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर हे सहज मोजता येते आणि पोकळीची कड पेन्सिलीच्या रेघेखाली किती सरकली तेही दिसते.

इथे प्रदेश आणि ऋतू बोलतात. कोकणात जुलै महिन्यात हवाच इतकी दमट असते की यंत्रात पाण्याची वाटी ठेवली तर अंड्यातले पाणी उडतच नाही. पोकळी लहान राहते, पिल्लू ओलसर आणि फुगलेले होते, श्वास घ्यायला जागा न मिळून आतच गुदमरते. उलट मार्चमध्ये सोलापूर-लातूरकडे वाटी नसेल तर अंडे जास्त सुकते, पिल्लू लहानखुरे राहते आणि पापुद्रा त्याच्या अंगाला चिकटतो. म्हणून पहिल्या अठरा दिवसांसाठी पुस्तकातला ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेचा आकडा डोक्यात ठेवावा, पण निर्णय काट्यावरच्या वजनावर घ्यावा.

सातव्या दिवशी अंडी पुन्हा उजेडावर धरावीत. जिवंत अंड्यात बारीक तांबड्या शिरांचे जाळे आणि मध्ये हलणारा काळा ठिपका दिसतो. हृदय तर दुसऱ्या दिवशीच धडधडू लागलेले असते. काहीच न दिसणारे स्वच्छ अंडे अफलित असते. लाल कडे दिसले तर गर्भ सुरुवातीलाच मेला असे समजावे. अशी अंडी काढून टाकावीत, कारण कुजलेले अंडे यंत्रात फुटले तर बाकीच्यांनाही संसर्ग होतो. मात्र दोन्हींची वेगवेगळी नोंद ठेवावी. अफलित अंडी जास्त निघाली तर प्रश्न विकणाऱ्याच्या कळपात आहे. लाल कडी जास्त निघाली तर वाटेतली उष्णता, हादरे किंवा अंड्यांचे वय कारण असण्याची शक्यता जास्त.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशी फिरवणे थांबवावे आणि ओलावा ६५-७० टक्क्यांवर न्यावा. पिल्लू आता डोके बोथट टोकाकडे आणून बसलेले असते. ते आधी पोकळीचा पापुद्रा फोडते आणि फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते. कान लावला तर आतून चिवचिव ऐकू येते. मग वरच्या चोचीवरच्या छोट्या टणक टोकाने ते कवचाला भोक पाडते आणि थांबते. हे थांबणे बारा ते चोवीस तास चालू शकते आणि माणसाचा धीर याच वेळी सुटतो. पण त्या अवधीत कवचाच्या आतल्या रक्तवाहिन्यांतले रक्त पिल्लाच्या शरीरात परत येत असते आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. घाईने कवच सोलले तर रक्तस्राव होतो. झाकण वारंवार उघडले तर ओलावा जाऊन पापुद्रा आवळतो. या काळात पाहत बसणे हेच काम.

पोटात ओढलेला तो बलक पिल्लाला दोन-तीन दिवस पुरतो. याच बळावर अमेरिकेत १९१८पासून एक दिवसाची पिल्ले टपालाने धाडली जातात आणि आपल्याकडच्या हॅचरींतून भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत पिल्ले गावोगावी जातात. अंड्यापेक्षा नुकतेच जन्मलेले पिल्लू प्रवास जास्त चांगला सोसते. त्यामुळे लांबच्या ठिकाणाहून सुधारित जात हवी असेल तर बहुधा पिल्लेच मागवावीत. अंड्यांचा मार्ग जिथे पिल्ले मिळत नाहीत त्या दुर्मीळ गावरान जातींसाठी राखावा. पिल्लांना पहिला आठवडा ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी कमी करत जायची.

अंड्याबरोबर आणखी काय येते

काही रोग आईकडून अंड्यातूनच पिल्लात उतरतात. पांढरी हगवण घडवणारा साल्मोनेला आणि श्वसनाचा त्रास देणारा मायकोप्लाझ्मा ही त्यातली मोठी नावे. म्हणून अंडी कोणत्या कळपातून आली, तिथे लसीकरण होते का, हे विचारणे हा आपला हक्क आहे. बाहेरून आलेल्या अंड्यांची पिल्ले निदान महिनाभर आपल्या कळपापासून वेगळी ठेवावीत. पाचव्या ते सातव्या दिवशी रानीखेत रोगाची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने द्यावी आणि पुढचे वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्यावे. घरात कबुतरे असतील तर अधिक जपावे, कारण रानीखेतच्या विषाणूचे प्रकार त्यांच्यातही फिरतात.

घरातल्या कुत्र्या-मांजरांचा विचारही पिल्ले निघण्याआधीच करायला हवा. कुत्रा कितीही गुणी असला तरी तुरुतुरु पळणारे, चिवचिवणारे पिल्लू त्याच्या पाठलागाच्या वृत्तीला जागे करते आणि त्याच्या खेळण्यातच पिल्लू जाते. पहिले काही आठवडे जाळीआडून ओळख होऊ द्यावी, मग साखळीला धरून; एकटे कधीच सोडू नये. मांजर मोठ्या कोंबडीच्या वाटेला सहसा जात नाही, पण पिल्लाला सोडत नाही. बाजारातली षटकोनी कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते. मुंगूस, घूस आणि साप यांना बाहेर ठेवायला बारीक भोकांची वेल्डेड जाळी लागते, तीही जमिनीत फूटभर पुरलेली.

धोका उलट दिशेनेही असतो. मार्जार कुळाला बर्ड फ्लू मारतो. डिसेंबर २०२४मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, तेव्हा तपासणीत हाच विषाणू सापडला. मेलेली कोंबडी किंवा कच्चे टाकाऊ मांस मांजर-कुत्र्यापुढे टाकण्याची सवय म्हणूनच मोडायला हवी. मेलेला पक्षी चुना घालून खोल पुरावा आणि एकदम बरेच पक्षी मेले तर खात्याला कळवावे. लहान मुलांनी पिल्लांना तोंडाशी धरू नये आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

निघालेल्या पिल्लांत निम्मे कोंबडे असणार, हेही आधी गृहीत धरावे. लिंग अंडे घालण्याआधीच आईकडून ठरलेले असते; अंड्याच्या आकारावरून ते ओळखता येत नाही. तीन कोंबडे कुठे जातील याचे उत्तर तयार नसेल तर बारा अंडी मागवू नयेत.

हा खटाटोप कशासाठी

फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो पक्षी मारावे लागले. आजही साथ उद्भवली की बाधित ठिकाणाभोवतीच्या एक किलोमीटर त्रिज्येतले सगळे पक्षी नष्ट केले जातात. रोग रोखायला ते आवश्यकच आहे. पण त्या परिघात एखाद्या खोऱ्यातली शंभर वर्षे जपलेली जात तेवढ्यापुरतीच असेल तर ती दोन दिवसांत कायमची जाते. शीतगृहात साठवून ठेवायची गहू-ज्वारीच्या बियाण्यांसारखी सोय कोंबडीच्या अंड्याला नाही. कोंबडीची जात व्यवहारात टिकते ती जिवंत कळपांत, आणि एका कळपापेक्षा वीस कळपांत ती सुरक्षित असते.

म्हणून चांगल्या गावरान जातीच्या मालकाने आपली बारा अंडी दुसऱ्या तालुक्यातल्या विश्वासू माणसाला नेमाने द्यावीत. घेणाऱ्याने ती योग्य ऋतूत, योग्य बांधणीत आणावीत, किती अफलित निघाली, किती वाटेत गेली, किती उबली याची वही ठेवावी आणि ती देणाऱ्याला दाखवावी. बारातून सहा पिल्ले निघाली आणि ती सहा नीट जगली, तर त्या जातीला दुसरे घर मिळाले. त्यासाठी एकवीस दिवसांचा धीर आणि थोडा अभ्यास ही फार मोठी किंमत नाही.